बांधाचं गाऱ्हाणं

कोंडभाट, ता. मालवण
११ फेब्रुवारी १९६४

गुरुदास,

आशीर्वाद लिहायचा की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवीन. आधी ऐकून घे.

आमच्या नव्या ग्रामसेवकाने काल चावडीवर तुमच्या पुण्याच्या हापिसाचा अहवाल वाचून दाखवला. 'कोंडभाट खाडी-बंधारा : सात वर्षांनंतरचे मूल्यमापन.' नाव केवढं! आत म्हटलंय की बंधाऱ्यामुळे भाताचं उत्पन्न वाढलं, उघाडीचं दार उत्तम चालतं, नदीच्या पात्रावर काही वाईट परिणाम नाही आणि 'ग्रामस्थांनी प्रत्येक मुद्द्यास एकमुखाने होकार दिला.' एवढं सगळं गोड झाल्यामुळे आता खाली मांडवीच्या तोंडावर दुसरा, याच्याहून मोठा बंधारा घालावा अशी शिफारस. खाली सह्या. त्यातली तिसरी सही तुझी. ग्रामसेवकाने नाव वाचलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जशी काही मीच सही केली.

मांडवी म्हणजे माझं दार. तुझे भावजी आपला पडाव, मालाची होडी, तिथूनच आत आणतात. त्या पडावातून कौलं आणि नारळ नेऊन-आणून माझी चूल पेटते. तिथे बांध पडला की पडाव बाहेर समुद्रात आणि धनी आत ओटीवर. बहिणीचं घर बंद करायच्या कागदावर भावाने सही करायची, ही कुठली विद्या शिकलास बाबा तू?

आता तो 'एकमुखाने होकार' कसा झाला ते सांगते. तुझ्या अहवालात ते नसणार.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी तुमचे एक साहेब आले. चावडीत माणसं मावेनात म्हणून सभा रवळनाथाच्या मंडपात भरवली. साहेब भला माणूस, देशावरचा. देवळात आलोच आहोत तर आधी देवाला नारळ ठेवू म्हणाला. आपला चुलतभाऊ भाई गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आपले वडील, आबा, गेल्यापासून तोच उभा राहतो, कारण ज्याचा तो मान तो पुण्याला खुर्चीत. भाई बोलतोय, सगळे मागे हात जोडून वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतायत. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे. गाऱ्हाणं संपलं, आणि कुणी खाली बसायच्या आत साहेब भाईच्या जागेवर जाऊन उभा राहिला. अगदी देवाच्या समोर. हातात दुसरा नारळ. आणि मोठ्याने पहिला मुद्दा वाचला, की बंधाऱ्यामुळे या गावचं भाताचं उत्पन्न वाढलेलं आहे. वाचून थांबला, कुणी काही बोलेल म्हणून.

मागून विठोबा, ज्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो 'काय?' म्हणून विचारतो, तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."

झालं. एक म्हणाला की बाकीच्यांना गप्प राहता येतं का? देवासमोर उभं राहून बोलणाऱ्याला साथ दिली नाही तर गाऱ्हाणं तुटतं आणि तोडणाऱ्याच्या घरावर येतं, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. सगळा मंडप म्हणाला. साहेबाला वाटलं, इकडे हो म्हणायची हीच पद्धत असेल. तो खूश. उघाडी व्यवस्थित चालते, व्हय म्हाराजा. नदीत गाळ साचलेला नाही, व्हय म्हाराजा. आणि तुझे भावजी! ज्यांचा पडाव त्याच दिवशी गाळात रुतून कुशीवर पडला होता, ते माझे यजमान सगळ्यांत मोठ्या आवाजात. घरी आल्यावर विचारलं, असं कसं म्हटलंत? तर मला म्हणतात, "देवासमोर नाय कसा म्हणतलंय?" मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी त्यांना कढी वाढली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

साहेबाला मी बोल लावत नाही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. पण तुला? 'एकमुखाने होकार' हे शब्द डोळ्यांखालून गेले तेव्हा तुझ्या कानात काहीच वाजलं नाही? त्या मंडपात तू रांगलास. आपल्या गावात दोन सख्खे भाऊ फणसाच्या एका झाडावर एकमताचे नाहीत, आणि सगळा गाव एका सुरात हो म्हणाला? वाचल्यावाचल्या तुला कळलं असणार कुठे काय झालं ते. कळलं, आणि तरी सही केलीस.

ती मागे घे. येऊन बघ, आणि मग काय लिहायचं ते लिही.

आशीर्वाद लिहीत नाही.

बाय


कोंडभाट
६ एप्रिल १९६४

गुरुदास,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं! 'श्रीमती जानकीबाई यांस. आपले पत्र पावले. तक्रारीचे स्वरूप स्पष्ट करावे, म्हणजे योग्य त्या शाखेकडे पाठविता येईल.' मी तुझी श्रीमती कधीपासून झाले रे? तुला काखेत मारून मी नदीवर धुणं धुतलंय. नाकाचा शेंबूड माझ्या पदराला पुसलास तेव्हा कुठल्या शाखेकडे पाठवला होतास?

बरं, स्वरूप स्पष्ट करते.

खोटं कशाला बोलू, बांध झाला तेव्हा पहिली चार वर्षं सोन्याची गेली. जिथे नुसतं खाजण होतं, खाऱ्या चिखलात खेकडे नाचत होते, तिथे भात उभा राहिला. माळ्यावर कणगी ठेवायला जागा नव्हती. माझ्या सुभद्रेचं लग्न त्याच भातावर झालं. आबांनी तुझ्या बांधाच्या भाताची पेज पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वाटी पुढे करून दुसऱ्यांदा मागितली, आणि दारावरून जाणाऱ्या येणाऱ्याला लेकाचं कौतुक सांगत बसले, "माझ्या झिलाचो भात." हेही लिही तुझ्या अहवालात. चांगलं झालं ते झालं म्हणायला माझी जीभ झडत नाही.

पण पुढे? उघाडी म्हणजे बांधाचं दार. भरती आली की फळ्या खाली सोडायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की उचलायच्या, म्हणजे नदीचं गोडं पाणी निघून जातं. आपले पणजोबा हेच करायचे, मातीच्या बांधाला आणि माडाच्या खोडाच्या पन्हळाला. तू त्याला चिरे आणि सिमेंट लावलंस आणि लोखंडाची साखळी लावलीस, एवढंच. मग दोन वर्षांनी तुला कळलं की कोणीतरी चोरून फळ्या उचलून तोंडाशी मासे धरतं. तेव्हा तू तिला कुलूप घातलंस. आणि आपल्या लवूला सरकारी पगारावर उघाडीवाला नेमून त्याच्या हातात चावी दिलीस. लवू इतका फुगला की चावी करगोट्याला बांधून फिरायचा.

साठ साली नवं राज्य झालं, बासष्टात जिल्हा परिषद आली, आणि कोणाच्या तरी मनात आलं की उघाडीवाल्याची जागा कोणाच्या खात्यात बसत नाही. लवूची नोकरी गेली. त्याने चावी तालुक्याच्या हापिसात नेऊन दिली आणि पावती घेतली. चावी का दिलीस म्हणून मी त्याला विचारलं तर म्हणतो, सरकारची वस्तू सरकारला. जायच्या आधी त्याने आपल्या अकलेने फळ्या अर्ध्या उचलून ठेवल्या आणि कुलूप घातलं. अर्ध्या! ना धड खारं अडत, ना धड गोडं जात. भरतीचं पाणी खालून शेतात येतं. ओहोटीला नदी वरून तुंबते. भाताचे कुणगे पांढरे पडलेत, मिठाने. नदी पूर्वी ओहोटीला धावत जायची आणि आपला गाळ आपण घेऊन जायची. आता बांधाशी दमून बसते आणि तो गाळ खाली मांडवीला, माझ्या दारात आणून टाकते. तिसऱ्या, शिंपल्या काढायला आम्ही बायका जिथे गुडघाभर पाण्यात उभ्या राहायचो, तिथे आता रेडे लोळतात.

मग लोक का दुरुस्त करत नाहीत, असं तू विचारशील. मीही विचारलं. पूर्वी मातीचा बांध होता तेव्हा पावसाच्या आधी घरटी एक माणूस बांधावर जायचा. खेकड्यांची भोकं बुजवायची, ढासळलेलं भरायचं. जो यायचा नाही त्याच्याकडून नारळ घ्यायचे आणि वर्षभर त्याची थट्टा करायची. आता सांगितलं की म्हणतात, "तो सरकारचो बांध. आमी हात लावलंव तर धरून नेतीत." सात वर्षांत एका माणसाने त्या बांधावरचं गवत उपटलं नाही. उन्हात बैल तेवढे बांधतात त्याच्या सावलीला.

हे आबांनी आधी सांगितलं होतं. पंचावन्न साली, पायाभरणीच्या आदल्या दिवशी, त्यांनी ओटीवर बसून तुला दुसऱ्या दिवशीचं गाऱ्हाणं म्हणून दाखवलं. शेवटी एक वाक्य होतं, "ज्यान बांध घातल्यान, त्यान दरवर्सा येवन बांधाक हात लावचो." तू म्हणालास, हे काढा. मोठे अधिकारी येणार, त्यांच्यासमोर सरकारला देवाच्या शपथेत बांधून घेता येत नाही. शिवाय उद्या माझी बदली धुळ्याला झाली तर मी कुठून येऊ दरवर्षी? आबा एवढंच बोलले, "मगे बांध घालतंस कित्याक?"

तू रागावलास. दुसऱ्या दिवशी आबांना बाजूला करून भाईला उभं केलंस. भाईने ते वाक्य गाळून गाऱ्हाणं घातलं. गावचा मानकरी माणूस मागच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणाला. तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद. एकोणसाठ साली आबा गेले. तार उशिरा मिळाली म्हणालास. बरं, तार उशिरा. मग तेराव्याला?

स्वरूप स्पष्ट झालं असेल तर पाठव आता कुठल्या शाखेकडे पाठवायचं ते.

बाय


पोस्टकार्ड
कोंडभाट
२१ जुलै १९६४

गुरुदास,

कार्डावर लिहिते, कारण पाकीट आणायला बाजारात जायची वाट नाही, पाणी आहे. घाटावर चार दिवस पाऊस कोसळला, नदी उतरली आणि तुझ्या बांधापाशी अडली. लावणी झालेले सगळे कुणगे बुडाले. फळ्या वर घेतल्या असत्या तर पाणी एका ओहोटीत गेलं असतं. भावजी नि भाई पहार घेऊन गेले कुलूप तोडायला. ग्रामसेवक आडवा. सरकारी मालमत्ता आहे, गुन्हा होईल. शेजारचा शिवा चावी आणायला तालुक्याला चालत गेला. या हापिसातून त्या हापिसात त्याला नाचवून शेवटी चावी दिली. तो छातीभर पाण्यातून ती तोंडात धरून घेऊन आला. ती लागली नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कुलपाची होती. तोवर कुजलेल्या फळ्या आपोआप मोडून वाहून गेल्या. तुझं कुलूप मात्र शाबूत आहे. साखळीला लोंबतंय. भात गेला. आता रोज भरतीला खारं पाणी उघड्या दारातून घरच्यासारखं आत येतं.

मांडवीला मोजणीवाल्यांनी दुसऱ्या बांधाच्या खुंट्या मारल्यात.

बाय


कोंडभाट
२५ ऑक्टोबर १९६४

गुरुदास,

कार्डाला उत्तर नाही. टाइप करणारा रजेवर असेल.

भात कापायचे दिवस आहेत आणि कापायला काही नाही. पूर्वी खाऱ्यात तग धरणारं मुणग्याचं बियाणं घरोघर होतं. लाल तांदूळ, दाण्याला जाड, पण समुद्राच्या नाकावर टिच्चून यायचा. गोड्या पाण्याची शेती झाली तसं ते आम्ही टाकून दिलं. नवं पांढरं भात आणलं. आता खारं परत आलं आणि बियाणं गेलं. हा आमचा शहाणपणा, यात तुझा दोष नाही. मी कोंबड्यांना घातलं होतं शेवटचं सूपभर. पांढऱ्या तांदळाची हौस मलाच जास्त होती.

तर बातमी अशी. दिवाळी झाल्यावर तुमचं हापिस परत येतंय. दुसऱ्या बांधाला गावाची संमती घ्यायची आहे, आणि या वेळी मोठे साहेब येणार आहेत. सभा मंडपातच घ्या, गेल्या वेळी फार छान झाली, असा त्यांचाच निरोप आहे! मला हसावं की रडावं कळेना. तुझे भावजी म्हणाले, "केला तुका, झाला माका." आपलाच व्हय आपल्याला भोवला. मी म्हटलं, आता बघाच.

गावात सगळ्यांना पटतंय की दुसरा बांध नको. घराघरांतून विचारून आले. सावित्रीच्या सासऱ्यापासून गुरवापर्यंत सगळे नको म्हणतात. पण देवासमोर साहेब उभा राहून बोलला तर काय कराल विचारलं की सगळे खाली बघतात. त्यांना तरी काय बोलू? इतके महिने मी या माणसांना शिव्या घालतेय, पण त्या दिवशी बायकांच्या बाजूला मीही उभी होते, आणि 'नदीत गाळ साचलेला नाही' याला मीही व्हय म्हाराजा म्हटलं. तोंडातून गेलं. मेलं त्या मंडपात उभं राहिलं की जीभ आपली राहत नाही.

म्हणून मी ठरवलं, लोकांना गप्प बसवायचं नाही. ते गप्प बसणार नाहीत. गाऱ्हाण्यातच खरं घालायचं. भाईने साहेबाच्या आधी उभं राहायचं आणि एकेक बोलायचं. उघाडी मोडली आसा. न्हय गाळान भरली आसा. कुणग्यांत खारा पाणी शिराक लागला आसा. आणि शेवटी, नवो बांध आमका नको रे म्हाराजा. मग म्हणा काय म्हणायचं ते, जोरात म्हणा.

भाईला रोज दुपारी आमच्या ओटीवर बसवून पाठ करून घेतेय. माणूस चांगला, पण घाबरट. घरी पोपटासारखा म्हणतो, आणि ग्रामसेवक नुसता अंगणाच्या बेड्याबाहेरून गेला तरी अडखळतो. मोठ्या साहेबासमोर त्याचं काय होणार, रवळनाथच जाणे. आमच्याकडे दुसरा माणूस नाही. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, नाहीतर मी कधीच घातलं असतं.

तो मान तुझा आहे. आबांनंतर तुझा. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. साहेबाला उलट उत्तर दे असंही म्हणत नाही. फक्त ये, आणि भाईच्या मागे उभा राहा, म्हणजे त्याला धीर येईल. एवढंही जमत नसेल तर मला परत टाइप केलेलं काही पाठवू नकोस. चुलीत घालायला माझ्याकडे सुकी शेणी भरपूर आहेत.

बाय


कोंडभाट
२२ नोव्हेंबर १९६४

गुरुदास,

तू माणूस आहेस की कोण आहेस?

काल सभा झाली आणि तू आला होतास, हे मला सभा अर्धी झाल्यावर कळलं! जीपमधून साहेबाबरोबर आलास, मंडपात मागे खांबाआड उभा राहिलास, घर दहा पावलांवर, आणि एक निरोप नाही. मी बायकांत पुढे उभी होते, सगळं लक्ष भाईच्या तोंडाकडे. माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

भाईने सुरुवात चांगली केली. उघाडी मोडली आसा म्हणाला, आणि मंडप जो गरजला, व्हय म्हाराजा! मोठ्या साहेबाने दचकून शेजारच्याला काहीतरी विचारलं. न्हय गाळान भरली आसा. व्हय म्हाराजा! लोकांना चेव आला होता. इतक्या दिवसांचं पोटातलं बाहेर पडत होतं. तुझे भावजी तर असे ओरडले की वळचणीला बसलेली कबुतरं उडाली. मग नव्या बांधाचं वाक्य आलं. भाईने साहेबाकडे बघितलं. साहेब नुसता त्याच्याकडे बघत होता रे, काही केलं नाही त्याने. पण भाईची जीभ टाळ्याला चिकटली. "नवो बांध... नवो बांध..." आणि थांबला. मी पुढून ओठ हलवून दाखवतेय, पण हा माझ्याकडे बघेल तर ना. सगळा मंडप तोंड उघडून थांबलेला. साहेबाच्या माणसाने नारळ उचलला आणि भाईच्या जागेवर यायला निघाला. मला वाटलं, गेलं. माझं दार गेलं.

आणि मागून आवाज आला.

"बा रवळनाथा, ह्यो बांध मिया घातलंय."

मी वळून बघितलं नाही. 

"उघाडीक कुलूप मिया घातलंय. मगे फिरान बघूक इलंय नाय. हय काय झाला ता माका ठावक होता, तरी सय केलंय. पयलो बांध निस्तरल्याशिवाय दुसरो नको रे म्हाराजा."

कोणी 'व्हय' म्हटलं नाही.  कोणाला कळेना की सरकारचा माणूस बोलतोय की गावचा. तेव्हा तू थांबून, अगदी सावकाश, ते वाक्य बोललास.

"ज्यान बांध घातल्यान, त्यान दरवर्सा येवन बांधाक हात लावचो."

ते आठवणीत ठेवलं होतंस. नऊ वर्षं.

विठोबाला, बहिऱ्या विठोबाला, सगळं ऐकू आलं. तो मागे वळला आणि शेजारच्याला म्हणाला, "आबा इले." मग आधी तोच म्हणाला, व्हय म्हाराजा, आणि त्याच्या मागून सगळा गाव. मी म्हटलं की नाही ते मला सांगता येणार नाही. मी रडत होते.

डोळे पुसून मी सरळ घरी धावले. म्हटलं, आता हा जेवायला येईल. तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले, शेजारून तिसऱ्या उसन्या आणल्या, नारळ खवला. भात उकळतोय तर लवू सांगत आला की जीप गेली. गेली म्हणजे? म्हणे मोठे साहेब जीपमध्ये बसले, तूही बसलास. बांधापाशी मात्र तू जीप थांबवलीस, चपला काढून खाली उतरलास, चिऱ्यांवरून हात फिरवलास आणि जीपमधली पहार आणून ते कुलूप तोडलंस. साहेब आतून बघत होते म्हणे. अरे, पण फळ्याच नाहीत तिथे! कुलूप तोडून काय मिळवलंस? जुलैत तोडायचं तर तेव्हा आला नाहीस, आणि आता वरातीमागून घोडं. लवू ते कुलूप घेऊन दारोदार फिरतोय. सरकारची वस्तू आहे, पावती कोण देणार म्हणून विचारतोय.

आज ग्रामसेवक सांगून गेला की संमतीचा कागद मोठ्या साहेबांनी कोरा परत नेला आणि 'पुन्हा पाहणी' असं काहीतरी म्हणाले. म्हणजे दुसरा बांध गेला असं नाही, पण आज नाही. मांडवीच्या खुंट्या आहेत तशाच आहेत. तुझे भावजी सध्या तिसऱ्या खुंटीला पडाव बांधतात. मजबूत आहे म्हणतात.

आणि आज पहाटे काय झालं, ऐक. मी अंगण झाडत होते तर भाई, शिवा आणि वरच्या वाडीतले चौघेजण कुऱ्हाडी घेऊन चाललेले. कुठे म्हणून विचारलं तर भाई मान खाली घालून म्हणाला, "उघाडेक फळये करूक. आमच्या गुरुदासान हात लावल्यान, मगे आमी लावलंव तर काय जाता?" माझा फणस तोडायला निघाले होते रे. विचारलंही नव्हतं मला! दोन शिव्या दिल्या आणि दिला फणस.

तुझं काय होईल रे नोकरीचं? साहेब रागावले का? बदली करतील का? लिही, आणि हाताने लिही. बदली धुळ्याला झाली तरी तुझी सुटका नाही. देवासमोर बोलला आहेस, दरवर्षी. मी ऐकलंय, गावाने ऐकलंय, आणि त्याला सगळ्यांनी व्हय म्हटलंय. आता ते तुटलं तर कोणाच्या घरावर येतं ते तुला सांगायला नको.

पुढच्या वर्षी येशील तेव्हा आधी घरी यायचं. काल तुझ्या वाटणीचा भात मी झाकून ठेवला होता. तिन्हीसांजेपर्यंत वाट बघितली आणि मग मीच खाल्ला. 

अनेक आशीर्वाद. हे वर लिहायचं होतं, पण जेवून गेला नाहीस म्हणून खाली लिहिलं.

तुझी बाय